हळद काय औषध असतंय व्हय?

पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा, आणि घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर नक्की वाचा. आईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नगं घालूस."

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी पहाटे आई न्हाणीच्या दारात भिंतीला टेकून बसलेली दिसली. अंगाला गार घाम, ओठ पांढरे पडलेले. "चक्कर आली रं जरा, बाकी काय न्हाई," म्हणाली. उचलायला गेलो तर उभीच राहिना.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, "मावशी, संडासला काळी होतीय का?" आई लाजून गप्प बसली. मग म्हणाली, चार दिवस झाले, डांबरासारखी होतीय. रक्तवाढीच्या गोळीनं काळी होते असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून बोलले न्हाई. डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "मिरजेला न्या, आत्ताच्या आत्ता."

मिरजेत हिमोग्लोबिन निघालं ६.२. दुर्बीण घातली तर जठरात जखम, आणि त्यातून रक्त झिरपत होतं. तीन पिशव्या रक्त चढवलं. आई वाचली, आता बरी आहे. ही पोस्ट मात्र त्या तीन पिशव्यांबद्दल नाही. चौथ्या एका पिशवीबद्दल आहे.

दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आईनं सांगितलं, बीपीची आणि हृदयाची. २०१७ मध्ये तिची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रोज रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे. गुडघ्यासाठी काही घेता का? तर म्हणाली, "कधीतरी." आमच्याकडच्या आयांचं हे 'कधीतरी' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. नंतर कळलं, तीन महिने रोज दोन. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. चौकातल्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, नातवाला पाठवून आणलेली. गुरुवारी उपवास, आणि पूजेची मांडणी करायला खाली बसता यावं म्हणून सकाळी उपाशीपोटीच एक.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. म्हणाल्या, "घरात मावशी जे जे काही गिळतात ते सगळं एका पिशवीत भरून आणा. गोळी, चूर्ण, काढा, पावडर, काहीही असू दे." बायकोनं पिशवी भरून आणली आणि मॅडमनी ती टेबलावर ओतली. बीपीची गोळी, ॲस्पिरिन, गुडघ्याची गोळी, रक्तवाढीची गोळी, आवळ्याचं चूर्ण, आणि पिवळ्या झाकणाचा एक डबा. हळदीच्या कॅप्सूलचा.

मॅडमनी आईला विचारलं, "हे सांगितलं नाहीत?"

आई म्हणाली, "आवो, ती हळद हाय. हळद काय औषध असतंय व्हय?"

तो डबा मी लांबूनच ओळखला, कारण तो घरात मीच आणला होता.

आता माझी बाजू. मी बावीस वर्षं तालुक्याला वार्ताहर आहे. पत्रकारितेची पदविका केली तेव्हा बातमी आणि जाहिरात यांत भिंत असते असं शिकवलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी ती भिंत दिवाळीला पडते. दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या, त्यावर कमिशन, आणि जाहिरातदार मोठा असेल तर त्याच्याबद्दल चार कॉलम लेखही लिहून द्यायचा. मागच्या दिवाळीला असाच एक लेख मी लिहिला. गावातल्या एका विक्रेत्याच्या हळदीच्या कॅप्सूलबद्दल. शीर्षक मीच दिलं होतं: 'गुडघेदुखीला रामराम, हळदीची कमाल'. वर 'जाहिरात' असा शब्द नव्हता, खाली नाव नव्हतं, पण शब्द माझे होते. "शंभर टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत" हे वाक्य विक्रेत्यानं दिलेल्या कागदावर होतं. मी ते जसंच्या तसं उतरवलं. एका डॉक्टरला फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. विचारलं नाही.

कमिशनच्या वर दोन डबे भेट मिळाले. ते मी आईला दिले. आईनं लेखही वाचला होता. लेकानं लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो, नाहीतर उद्या 'हळदीनं रक्तस्राव होतो' असं कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवेल. आईचा रक्तस्राव हळदीमुळं झाला असं एकाही डॉक्टरनं म्हटलेलं नाही. मी मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "मुख्य आरोपी गुडघ्याची गोळी. तिला साथ ॲस्पिरिनची आणि उपाशी पोटाची. कॅप्सूलचा हात होता का? हो म्हणून सांगता येणार नाही, आणि नव्हता म्हणूनही सांगणार नाही. पण मला ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं." त्यानंतर मी वाचत बसलो, चार डॉक्टर मित्रांना त्रास दिला. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

आधी दुखण्याची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, ॲस्पिरिन ही सगळी एकाच भावकीतली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. दुखणं आणि सूज त्यांच्यामुळं जाणवते. या गोळ्या ती तयार होण्याचं काम बंद पाडतात. हे कोडं जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये सोडवलं, आणि त्यासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. पण तीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षणही करतात. म्हणजे गुडघ्यातली आग विझवायला गेलेली गोळी जठराच्या दारावरचा राखणदारही उठवते.

दुसरं काम प्लेटलेटवर. डेंग्यूमुळं प्लेटलेट हा शब्द आता गावोगाव माहीत आहे. रक्त वाहायला लागलं की या पेशी एकमेकींना चिकटून भोकाला बूच लावतात. ॲस्पिरिन त्यांचा चिकटपणा घालवते, आणि ज्या प्लेटलेटवर तिचा परिणाम झाला ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. हृदयाच्या पेशंटला हे हवंच असतं, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होईल. पण त्याच माणसाच्या जठरात जखम झाली तर बूच लवकर लागत नाही.

आयब्युप्रोफेनची आणखी एक खोड आहे. ती ॲस्पिरिनच्या आधी पोटात गेली तर ॲस्पिरिनची जागा अडवून बसते, आणि हृदय राखायचं ॲस्पिरिनचं काम अर्धवट राहू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. आमच्या चौकापर्यंत ती सूचना आलेली दिसत नाही. म्हणजे आईच्या बाबतीत जठर उघडं पडलं होतंच, वर हृदयाचा पहाराही ढिला झालेला असू शकतो.

आता हळद. आम्ही हळदीच्या मुलखातली माणसं. सांगलीची हळद देशभर जाते, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. लहानपणी हळद शिजवायच्या दिवसांत शाळेतून आलो की अंगणभर तो वास असायचा. पडलं, खरचटलं की हळद. सर्दी झाली की हळद-दूध. त्यामुळं हळदीबद्दल वाईट लिहायला माझाही हात उचलत नाही. आणि भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच. ती खुशाल खा.

पण कॅप्सूलमधली हळद ही ती हळद नव्हे. हिशोब करू. हळद पावडरीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. ३ टक्के धरा. डब्यावर लिहिलं होतं, एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड. म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. एवढं कर्क्युमिन पावडरीतून मिळवायला जवळजवळ १६ ग्रॅम हळद लागेल. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे ३२ ग्रॅम. चहाचा चमचा ३ ग्रॅमचा धरला तर दहा चमचे हळद, रोज. तुमच्या घरातल्या सगळ्या माणसांच्या आमटीत मिळून पडते का एवढी?

आणि त्या डब्यावर बारीक अक्षरात आणखी एक नाव होतं, पायपेरिन. मिऱ्यातलं द्रव्य. ते कशाला? तर कर्क्युमिन शरीर सहजासहजी आत घेत नाही, घेतलं तरी लगेच बाहेर काढून टाकतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की सोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पट होतं. कंपन्या जाहिरातीत '२००० टक्के जास्त शोषण' म्हणून मिरवतात ते याच संशोधनावरून. मीही माझ्या लेखात हा आकडा मोठ्या अक्षरात टाकला होता.

मी विचारलं नाही ते असं: पायपेरिन हे करतं कसं? तर आतडं आणि यकृत यांची बाहेरच्या द्रव्यांचा निचरा करायची जी व्यवस्था आहे तिला ते ब्रेक लावतं. हा ब्रेक फक्त कर्क्युमिनपुरता लागत नाही. फिटसाठीची फेनिटोइन, बीपी आणि धडधडीसाठीची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफायलिन अशा औषधांचं रक्तातलं प्रमाण पायपेरिननं वाढल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी तीच, पण शरीरात उरते जास्त.

आता प्रश्न, कर्क्युमिन आणि दुखण्याची गोळी एकत्र आली तर काय? प्रयोगशाळेत कर्क्युमिन प्लेटलेटचा चिकटपणा कमी करतं असं दिसतं. निरोगी माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत मात्र मोठा फरक दिसलेला नाही. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं. पण निरोगी जवान माणूस वेगळा आणि एकोणसत्तर वर्षांची, ॲस्पिरिनवर असलेली, उपास करणारी, रोज दोन पेनकिलर खाणारी बाई वेगळी. तिच्यावर कुणी चाचणी घेतलेली नाही. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामकानं एका पेशंटची गोष्ट जाहीर केली. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी त्या माणसाला नीट लागू पडली होती. हळदीचं पूरक सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. तो सहसा २ ते ३ च्या आसपास ठेवतात. १० म्हणजे कधीही, कुठूनही रक्त वाहायला लागू शकतं.

हळदच कशाला? २००३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ७१ वर्षांच्या पेशंटची नोंद आली होती. स्मरणशक्तीसाठी म्हणून विकलं जाणारं गिंको हे वनस्पतीचं पूरक आणि आयब्युप्रोफेन तो सोबत घेत होता. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. एका नोंदीवरून निकाल देता येत नाही हे खरं, पण सावध व्हायला एक नोंद पुरे. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही पेनकिलर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर डॉक्टर सांभाळून राहायला सांगतात ते याचसाठी.

दुसरी वाट यकृताची. "मी पेनकिलर घेत नाही, फक्त पॅरासिटामॉल घेतो," असं म्हणणारे बरेच आहेत. जठरासाठी ती सौम्य आहे, खरंय. पण तिची हद्द यकृतात आहे. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या. वय झालेलं, दारू पिणारं, यकृत आधीच कुरकुरणारं असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाची वेगळी. बेरीज कुणी करत नाही. आणि आता त्याच यकृताकडं हळदीच्या अर्काचीही फाईल गेली आहे. इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरकं घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या घटना लागोपाठ आल्या आणि तिथल्या सरकारला सूचना काढावी लागली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशा दहा पेशंटचा अभ्यास छापला. ऑस्ट्रेलियाच्या नियामकानं २०२३ मध्ये लोकांना सावध केलं. घटना विरळ आहेत, लाखो लोक कॅप्सूल खातात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण डोळे पिवळे झालेल्या माणसाला डॉक्टर विचारतील "काय घेता?", आणि तो म्हणेल, "फक्त पॅरासिटामॉल." हळद तो सांगणारच नाही, कारण हळद काय औषध असतंय व्हय?

इथं मला एक जुनी गोष्ट आठवते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांनी लढा दिला, जुने ग्रंथ आणि दाखले पुढं ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. सगळ्या महाराष्ट्राची छाती फुगली होती. आपलं म्हणणं काय होतं? हळद हे औषध आहे आणि ते आम्हाला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. बरोबरच होतं. मग आज डॉक्टरांसमोर आपण उलटं का बोलतो? गुण सांगताना हळद औषध, आणि दुष्परिणाम विचारला की नुसता मसाला? ज्याच्यात गुडघ्याची सूज उतरवायची ताकद आहे, त्याच्यात दुसऱ्या गोळीच्या कामात हात घालायची ताकद असणारच. दोन्ही गोष्टी एकाच ताकदीतून येतात.

आपला कायदाही याच दुटप्पीपणावर उभा आहे. या कॅप्सूल औषध म्हणून विकल्या जात नाहीत, अन्न म्हणून विकल्या जातात. त्यासाठी एफएसएसएआयचे २०१६ चे नियम आहेत. त्याप्रमाणे डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. आईच्या डब्यावर ते होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि त्याच डब्याबद्दल माझा लेख म्हणत होता, गुडघेदुखीला रामराम. डबा म्हणतो औषध नाही, पेपर म्हणतो औषध आहे. आई मराठी चौथी शिकलेली. ती कुणाचं ऐकणार?

मेडिकलवाल्यांबद्दलही बोलायला हवं. आमच्या चौकातले भाऊ चांगले आहेत, रात्री बारा वाजता शटर उघडून औषध देतात, उधारही ठेवतात. पण डायक्लोफिनॅकसारख्या कितीतरी पेनकिलर शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. पाकिटावर लाल रेघ असते ती त्याचसाठी. प्रत्यक्षात शेंगदाण्यासारख्या सुट्या मिळतात, अर्धं पाकीट कापून, नाव आणि तारीख दुसऱ्याच तुकड्यावर. फार्मासिस्टनं पेशंटला समजावून सांगावं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत लिहिलेलं आहे. भाऊंना मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, मी विचारत बसलो तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातंय." खोटं नाही. म्हणूनच हे एकट्या भाऊंवर सोडून चालणार नाही. अन्न व औषध प्रशासन आमच्याकडं दिवाळीत खवा पकडायला येतं, ते यावंच. पण वर्षातून एकदा पेनकिलरची विक्रीही बघावी. आणि पूरकांच्या डब्यावर 'रक्त पातळ करायची किंवा दुखण्याची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारा' एवढी एक ओळ मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात यावी. ही मागणी मी लेखी देतोय.

आणि आमचा धंदा. जाहिरात ही जाहिरात आहे हे वाचकाला स्पष्ट कळलं पाहिजे, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. पण लिहिणारे हुशार असतात. 'बरा होतो' म्हणत नाहीत, 'आराम', 'साथ', 'रामराम' म्हणतात. रामराम हा शब्द मीच शोधला होता, त्यामुळं मला माहीत आहे. पेपरची पुरवणी आणि पोटातली पुरवणी, दोन्ही मीच पुरवली. आईला तीन पिशव्या रक्त देणारी माणसं अनोळखी होती, डबा देणारा लेक होता.

संपादकांना सांगून मी माझ्यापुरतं ठरवलंय. पोटात जाणाऱ्या कुठल्याही वस्तूचा लेख पैसे घेऊन लिहिणार नाही. पुढच्या दिवाळीला कमिशन कमी येईल. घर चालवताना ते जाणवेल, खोटं कशाला बोलू. तालुक्याच्या मित्रांना माझी विनंती एवढीच, 'जाहिरात' हा शब्द तरी वर छापून घ्या.

आता तुमच्या कामाचं सांगतो. मी डॉक्टर नाही, पण एवढं डॉक्टरांना दाखवूनच लिहिलंय.

एक. आज रात्री जेवण झाल्यावर आई-वडिलांचा औषधाचा डबा उघडा. गोळ्या, चूर्ण, कॅप्सूल, तेल, सगळं एका पिशवीत भरा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना ती पिशवी न्या. यादी करू नका, पिशवीच न्या. यादीत 'कधीतरी'वाल्या गोळ्या येत नाहीत.

दोन. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर दुखण्याची गोळी आणि कसलंही पूरक विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि हे वाचून घाबरून ॲस्पिरिन मात्र मनानं बंद करू नका. स्टेंट असलेल्यानं ती अचानक थांबवली तर हार्ट अटॅक येऊ शकतो. थांबवायची तर डॉक्टर थांबवतील.

तीन. उपाशीपोटी पेनकिलर नको. उपवासाच्या दिवशी तर नकोच. देव रागावणार नाही.

चार. संडास काळी, चिकट, डांबरासारखी आणि घाण वासाची, उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी, उठताना चक्कर, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. डोळे पिवळे, लघवी चहाच्या रंगाची झाली तरी तेच. लोहाच्या गोळीनं संडास काळपट होते हे खरं, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

पाच. ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दात काढायचा असेल तरी, पूरकांसकट सगळं आधी सांगा.

सहा. कुठल्याही औषधाचा किंवा पूरकाचा त्रास झाला असं वाटलं तर नोंद करा. भारत सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. पेशंट स्वतःही कळवू शकतो. परदेशात पाच-दहा नोंदी झाल्या की सरकार जागं होतं. आपल्याकडं हळद सगळ्यांत जास्त खाल्ली जाते, पण अशा बातम्या येतात त्या इटली-ऑस्ट्रेलियातून. आपल्याकडं त्रास होत नाही म्हणून, की आपण सांगतच नाही म्हणून? आईची नोंद मी केली. त्यात कॅप्सूलसमोर 'संशय' एवढंच लिहिलंय, त्याहून जास्त नाही.

आई आता घरी आहे. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, ते ती टीव्हीवरची मालिका बघत करते. दुखलं तर मोजून पॅरासिटामॉल. हिमोग्लोबिन १० च्या वर आलंय. पिवळ्या झाकणाचा डबा मी टाकून देणार होतो. तिनं टाकू दिला नाही. आतल्या कॅप्सूल ओतून डबा धुतला आणि त्यात घरची हळद भरून चुलीजवळच्या फळीवर ठेवला. "डब्याचा काय गुन्हा?" म्हणाली.

काल शेजारच्या काकू गुडघा धरून आल्या. आईनं त्यांना खाली बसवलं, चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला: "गोळ्या कुठल्या खातीस गं? सगळ्या सांग. हळद बी सांग."

तुमच्या घरच्या पिशवीत काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा. डॉक्टर, फार्मासिस्ट मित्रांनी माझं काही चुकलं असेल तर खुशाल दुरुस्त करावं, पोस्टमध्ये बदल करीन. आणि जमलं तर शेअर करा. आपल्या फॅमिली ग्रुपवर हळदीच्या फायद्यांचे मेसेज रोज येतात, त्यात एक असाही असू दे.